विश्लेषण : बॅटरीची परीक्षा पिंगळीच्या उन्हात का नाही?

परभणीहून पूर्णेकडे जाताना पिंगळी लागते. मे महिन्यात या पट्ट्यात पारा ४२-४४ अंशांवर जाणे नवे नाही. पत्र्याच्या शेडखाली उभी केलेली विजेवरची दुचाकी त्याहूनही तापते. ती विकताना बॅटरी 'इतकी वर्षे टिकेल' असे सांगितले जाते. हा आकडा किती तापमानाला काढला, हे ना कोणी सांगते, ना गिऱ्हाईक विचारते.

आकडा येतो कुठून?

नव्या रसायनाची पहिली चाचणी बहुधा बटण सेलमध्ये होते. २० मिलिमीटर व्यासाची पोलादी डबी, चिमूटभर पदार्थात काम भागते. पण डबी घट्ट. आत वायू झाला तरी बाहेर सहसा कळत नाही. म्हणून पुढची पायरी पाऊच सेलची. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याला दोन्हीकडून प्लास्टिकचे थर दिलेली ही पिशवी, वेफर्सच्या पाकिटाची चुलतबहीणच. आत इलेक्ट्रोड आणि त्यांच्यामध्ये विभाजक, कडा उष्णतेने सीलबंद, बाहेर धातूच्या दोन पट्ट्या. पिशवी लवचिक असल्याने खोड लपत नाही. वायू झाला की ती फुगते, आणि किती फुगली हे द्रवात बुडवून आर्किमिडीजच्या तत्त्वाने मोजता येते. कॅनडातील डलहौसी विद्यापीठात जेफ डान यांच्या गटाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दीर्घ चाचण्या अशाच पाऊच सेलवर होत्या. तापमाने होती २०, ४० आणि ५५ अंश. थंडीसाठी ओळखल्या जाणाऱ्या देशात ५५ अंशांची चाचणी होते, हे परभणीकरांनी लक्षात घ्यावे.

आपल्याकडे काय?

पुण्यात केपीआयटी कंपनीने आयसर पुणेच्या सहकार्याने विकसित केलेले सोडियम-आयन तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. ३००० ते ६००० वेळा चार्ज करूनही ८० टक्के क्षमता टिकते, असा कंपनीचा दावा आहे. लिथियमची आयात टाळणारे हे काम मोलाचेच. पण असा कुठलाही दावा, कोणाचाही असो, तापमानाशिवाय अर्धाच असतो. उष्णता वाढली की सेलमधील नको त्या अभिक्रियाही वेगाने होतात.

दुचाकींना लागलेल्या आगींनंतर २०२२ मध्ये 'एआयएस १५६' हे मानक कडक झाले. ते आवश्यकच होते. मात्र त्यातील चाचण्या आग, कंपन, शॉर्ट सर्किट, अतिचार्जिंग अशा सुरक्षिततेच्या आहेत. उन्हाळ्यात बॅटरी किती वर्षे साथ देईल, याचे उत्तर त्यात नाही.

ते उत्तर देणे उत्पादकांवर बंधनकारक करावे. २५ अंशांच्या आकड्याशेजारी ४५ अंशांचाही आकडा वाहनाच्या कागदपत्रांवर छापावा. चाचणीला जास्तीचे महिने लागतील, खर्च वाढेल, ही उत्पादकांची तक्रार खरी आहे. पण आज तो खर्च बॅटरी अकाली बदलणारा शेतकरी करतो. आणि ४५ अंश कशावरून, असे कोणी म्हटलेच, तर परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे रोजच्या तापमानाच्या नोंदी आहेत.