उपचार घेतले हा गुन्हा नव्हे

अमेरिकेत सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टर संगणक उघडतात आणि समोर बसलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या जुन्या औषधांची यादी पडद्यावर येते. २०२२ मध्ये ‘जेनेसिस’ ही नोंदप्रणाली भरती केंद्रांवर आल्यापासून फारसे काही लपत नाही. एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या विकाराची गोळी गेल्या २४ महिन्यांत घेतली असेल, तर मुलगा अपात्र. चौदाव्या वाढदिवसानंतर शाळेने परीक्षेत जादा वेळ वगैरे सवलत दिली असेल, तरी अपात्र. २०१८चे निकष हेच सांगतात. पुढे काही अटी प्रयोगादाखल सैल झाल्या, सूटही मागता येते. पण उपचार म्हणजे दोष, ही मूळ धारणा बदललेली नाही.

लष्कराची बाजू पोकळ नाही. पहाऱ्यावरच्या जवानाचे लक्ष उडाले तर सोबत्यांचा जीव जातो, आणि आघाडीवर औषधाचा पुरवठा कधीही तुटू शकतो. पण हा निकष मुलाला आज काय जमते ते पाहतच नाही. त्याने उपचार घेतले का, एवढेच पाहतो. मग सैन्याचे स्वप्न पाहणारा मुलगा ऐन अकरावीत गोळी बंद करतो. ज्याला घरच्यांनी डॉक्टरकडे कधी नेलेच नाही, त्याची फाईल कोरी; तो आत जातो. हा उघड अन्याय आहे. निदान कागदावर येऊ नये म्हणून धडपडणारी घरे आपल्याकडेही आहेत, म्हणून हा प्रश्न परका वाटू नये.

अमेरिकेच्याच हवाई दलाने लांबच्या मोहिमांवर वैमानिकांना जागे राहण्यासाठी डेक्सट्रोअँफेटामिन दिले होते. एडीएचडीवरची काही प्रचलित औषधे त्याच कुळातली. देखरेखीखाली ते वैमानिकाला चालले असेल, तर गोळीच्या नावाने सरसकट दार लावता येणार नाही.

दार उघडायची वाट लष्कराला ठाऊक आहे. २०२२ मध्ये अमेरिकी लष्कराचे ६० हजारांच्या भरतीचे उद्दिष्ट सुमारे १५ हजारांनी हुकले. त्याच वर्षी वजन जास्त असलेल्या किंवा लेखी चाचणीत मागे पडलेल्या उमेदवारांसाठी साउथ कॅरोलायनातील फोर्ट जॅक्सनला पूर्वतयारी वर्ग सुरू झाला. तसाच वर्ग एडीएचडीवर उपचार घेतलेल्या मुलांसाठी काढावा. रात्रीचा पहारा, नकाशावाचन, रायफल खोलून पुन्हा जोडणे, तासन्‌तास रेडिओला कान लावून बसणे, हे सारे करून घ्यावे आणि त्यावर निवड करावी. शाळेतली सवलत अपात्रतेच्या यादीतून आधी काढावी. गोळीवाचून ज्यांचे चालत नाही, त्यांना तळावरची दुरुस्ती, गोदामे आणि संगणकाच्या कामांवर घ्यावे.