तारण नसलेले भांडवल

कोथरूडात नवे इस्पितळ उघडले की आपण आधी खाटा मोजतो. बँकेत कर्जाच्या अर्जांवर सही करताना मीही तेच करीत असे. प्रशिक्षण, संशोधन हा माझ्या लेखी निव्वळ खर्च! रास्ता पेठेतल्या केईएमचे काम वाचले आणि तो हिशेब चुकला. डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या चमूने १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत, बायकांना दिवस जाण्याआधीपासूनच, नोंदी सुरू केल्या. बाळे पावणेतीन किलोंच्या आतली, किरकोळ. पण वजनाच्या मानाने चरबी इंग्लंडच्या बाळांहून जास्त. घरोघरच्या मधुमेहाची एक वाट आईच्या पोटातून निघते, हा संशय त्यातून बळावला. त्यासाठी वर्षानुवर्षे अचूक मापे घेणारी, शिकवून तयार केलेली माणसे लागली. त्यांचा पगार कोणत्या तारणावर मंजूर करायचा, याचा रकाना आमच्या अर्जात नव्हता.