लाईट लागली म्हणजे चार्जर बरोबर?

पोस्ट मोठी आहे. पण घरात गेमिंग लॅपटॉप असेल किंवा मुलांच्या कॉलेजसाठी घ्यायचा विचार चालू असेल, तर पूर्ण वाचा.

आमच्या घोटावड्याच्या घरी मागच्या महिन्यात उंदरानं भाच्याच्या चार्जरची वायर कुरतडली. भाचा थ्रीडी ॲनिमेशन शिकतोय, सबमिशन चार दिवसांवर आलेलं. दोघं धावतपळत दुकानात गेलो. दुकानदारानं लॅपटॉपची पिन बघितली, ड्रॉवरमधून एक ॲडाप्टर काढला, लावला, लाईट लागली. "झालं दादा, सेम टू सेम." बिल मागितलं तर चिठ्ठीवर लिहून दिलं, 'चार्जर, १ नग'. आणि मीही शहाणा, पैसे देऊन घरी आलो.

रात्री पोरानं रेंडर लावलं. वायर जोडलेली, तरी बॅटरी उतरत चाललेली. ॲडाप्टरला हात लावायची सोय नाही इतका तापलेला. पहाटे तीनला लॅपटॉप बंद, अर्धं काम गेलं. सकाळी दुकानात गेलो तर उत्तर काय? "गेम कमी खेळायला सांगा पोराला."

इथं माझं डोकं फिरलं. जुना ॲडाप्टर उलटा करून बघितला : १९.५ व्होल्ट, ९.२३ अँपिअर. गुणाकार करा, १८० वॅट. नवीन : १९.५ व्होल्ट, ४.६२ अँपिअर. ९० वॅट! बरोबर निम्मा. बारा माणसांच्या पंगतीला सहा ताटं वाढायची आणि वर म्हणायचं, तुमच्याकडचे लोक फार खातात.

आता मुद्दा नीट समजून घ्या, कारण फसवणूक नेमकी याच जागी होते. अशा लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स दोन असतात. एक प्रोसेसरच्याच पोटात, दुसरी वेगळी चिप. वर्डची फाईल, व्हिडिओ, ऑनलाईन फॉर्म असली कामं पहिलंच करतं. त्याला वीज किती? वीस-तीस वॅट. तेव्हा दुसरी चिप झोपलेली असते. गेम, ब्लेंडर किंवा एखादं जड डिझाईन सॉफ्टवेअर उघडलं की ती जागी होते आणि एकटीच ऐंशी-शंभर वॅट मागते, मोठ्या लॅपटॉपात दीडशेच्याही पुढे जाते. त्यात प्रोसेसरचे पंचेचाळीस, कधी त्याहून जास्त. स्क्रीन, पंखे, बॅटरीचं चार्जिंग वेगळंच.

म्हणजे दुकानाच्या काउंटरवर लाईट लागते तेव्हा लॅपटॉप अर्धा झोपेत असतो. त्या वेळी कुठलाही ॲडाप्टर पास होतो. ही चाचणीच नव्हे.

जड काम आलं की लॅपटॉप तूट बॅटरीतून भरून काढतो. लावलेल्या वायरीवर बॅटरी उतरते ती म्हणून, आणि रोज असं झालं तर बॅटरीचं आयुष्य लवकर संपतं. काही कंपन्यांच्या ॲडाप्टरच्या मधल्या बारीक पिनेतून लॅपटॉपला कळतं की समोर किती वॅटचा माल आहे. कमी निघाला किंवा ओळख पटली नाही, तर लॅपटॉप मुद्दाम हळू चालतो, बॅटरी चार्ज करत नाही. मग आपण म्हणतो व्हायरस आला, विंडोज मारा, रॅम वाढवा. त्याचेही पैसे परत त्याच काउंटरवर.

उलटी भीतीही घातली जाते : "जास्त वॅटचा लावला तर बोर्ड उडेल." अहो, विहीर मोठी म्हणून बादली फुटते का? लॅपटॉप लागेल तेवढीच वीज ओढतो. व्होल्ट मात्र तेच हवेत, पिनेचं प्लस-मायनस तेच हवं. अँपिअर मूळच्या इतके किंवा जास्त. नुसतं मॉडेलचं नाव सांगूनही भागत नाही. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये साधी ग्राफिक्स चिप आणि मोठी चिप असे प्रकार असतात, त्यांचे ॲडाप्टर वेगळे. लॅपटॉपच्या पाठीवरचं लेबल वाचा. आणि मोबाईलच्या ६५ वॅटच्या यूएसबी-सी चार्जरवर लॅपटॉप चार्ज झाला, तरी त्यावर रेंडर होईल असं समजू नका.

काहींचं म्हणणं, गरीब पोरांना स्वस्तातला पर्याय नको का? हवा ना! दुसऱ्या कंपनीचा १८० वॅटचा ॲडाप्टर खुशाल विका, मी घेईन. पण ९० चा माल १८० च्या जागी विकणं म्हणजे स्वस्ताई नव्हे, मापात मारणं आहे. किराणा दुकानात किलोऐवजी अर्धा किलो मिळालं तर आपण गप्प बसतो का?

विजेसाठी धरण झालं आणि गावं पाण्याखाली गेली, तो हा मुळशी तालुका. त्याविरुद्ध सेनापती बापटांबरोबर १९२१ मध्ये सत्याग्रह झाला तो इथंच. आणि शंभर वर्षांनी आपण वॅट न विचारता वीज विकत घेतोय. असो.

कायदा आपल्या बाजूनं आहे. लॅपटॉपच्या ॲडाप्टरला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. त्यावर मानक चिन्ह आणि 'आर' अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. बीआयएस केअर ॲपवर तो जागेवरच तपासता येतो. मी घरी येऊन तपासायला गेलो, तर आमच्या नगावर क्रमांकच नव्हता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल नाकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. हेल्पलाईन १९१५. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोगात फी लागत नाही.

मी १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. भाच्यानं मित्राचा ॲडाप्टर आणून सबमिशन कसंबसं पूर्ण केलं.

घोटावडे, पिरंगुट, हिंजवडी भागातल्या दुकानदारांना एकच सांगणं : बिलावर व्होल्ट, अँपिअर, वॅट आणि नोंदणी क्रमांक लिहा. चार आकडे आहेत, अर्धा मिनिट लागेल. आणि ज्यांच्याकडे 'चार्जर, १ नग' अशा चिठ्ठ्या आहेत त्यांनी त्या फेकू नका. कमेंटमध्ये लॅपटॉपच्या लेबलचा आणि ॲडाप्टरच्या लेबलचा फोटो टाका, दुकानाचं नाव झाकून. वॅट जुळतात का ते मी सांगतो, तक्रार कशी लिहायची तेही.