भीमेकाठचे प्रेक्षक

१४ फेब्रुवारी २०२५ रोजी संभाजी महाराजांवरचा ‘छावा’ पडद्यावर आला तेव्हा आपल्याकडे गाळपाचा हंगाम जोरात होता. भिगवण-बारामती रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या लागलेल्या, उजनीच्या पाण्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरलेले आणि ते बघायला पुण्याच्या गाड्या कुंभारगाव, डिकसळकडे वळत होत्या. त्याच दिवसांत आपल्या भागातली माणसं पिच्चर बघायला बारामती गाठत होती. एरवी वर्षानुवर्षं थिएटरची पायरी न चढलेले लोकही त्यात होते. आजोबा नातवाला घेऊन गेले, बचत गटातल्या बायका गाडी ठरवून गेल्या, तालमीतली पोरं रात्रीच्या खेळाला गेली. परत आलेला जो तो एकच सांगत होता, की शेवट बघवत नाही.

खेळ संपून दिवे लागले तरी लोक जागचे हलत नव्हते. कुणी तरी उभं राहून गारद द्यायचं आणि सगळं थिएटर त्याला साथ द्यायचं. आईच्या पदरात तोंड खुपसून रडणारी लहान मुलं, हात जोडून पडद्यासमोर उभे राहिलेले तरुण यांची चित्रणं मोबाईलवरून गावोगाव फिरली. काहींनी त्यांची चेष्टाही केली. सिनेमा बघून इतकं काय रडायचं, असा त्यांचा सूर होता. आम्हाला तो सूर मान्य नाही. सव्वातीनशे वर्षांपूर्वी छळ सोसून मेलेल्या माणसासाठी आज एखाद्याच्या डोळ्यांत पाणी येत असेल, तर त्या पाण्याचा आदर करायला हवा. शिवाय संभाजी महाराजांच्या बाबतीत मराठी माणसाचं हे रडणं एका जुन्या देण्याची फेड आहे. ते देणं कसलं, हे थोडं सविस्तर सांगायला हवं.

महाराजांची बदनामी सर्वात जास्त केली ती आपणच. मल्हार रामराव चिटणीसांनी बखर लिहिली ती महाराजांच्या मृत्यूनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी. चिटणीसांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्याच हुकमाने देहान्त शिक्षा झाली होती. घराण्याची ती जखम बखरीत उतरली. पुढे नाटककारांनी याच बखरीतून महाराज घेतले. राम गणेश गडकऱ्यांच्या अपूर्ण राहिलेल्या ‘राजसंन्यास’मध्ये प्रेक्षकांना विलासी, वाहवत गेलेला राजा दिसला. आपल्या पणज्या-आज्यांनी ऐकला तो हाच संभाजी. थिएटरात हुंदके देणाऱ्या पिढीच्या घरात दोन-तीन पिढ्यांमागे महाराजांबद्दल काय बोललं जात होतं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पाहावं.

ही प्रतिमा पालटली ती वा. सी. बेंद्रे यांनी. शिवाजी महाराजांचं अस्सल चित्र महाराष्ट्रापुढे आणणारे हेच बेंद्रे. आयुष्यातली कितीतरी वर्षं कागदपत्रं धुंडाळण्यात घालवून १९६० साली त्यांनी संभाजी महाराजांचं चरित्र प्रसिद्ध केलं. मोगल, पोर्तुगीज, इंग्रज अशा परक्यांच्या दप्तरांतून त्यांनी एका पराक्रमी, विद्वान आणि एकाकी राजाला पुन्हा उभं केलं. त्यानंतर कमल गोखले यांचं संशोधन आलं. वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ आणि ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकांनी रंगमंचावरचा संभाजी बदलला, आणि काशिनाथ घाणेकरांच्या रूपात तो एका पिढीच्या मनात घर करून राहिला. १९७९ साली शिवाजी सावंतांची ‘छावा’ कादंबरी आली. पुढे ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका घराघरात पोचली. लक्ष्मण उतेकरांचा चित्रपट या सगळ्यानंतर आला. विकी कौशलचा अभिनय आपल्या जागी मोठाच आहे. पण थिएटरातला हुंदका फुटायला पासष्ट वर्षांची ही तयारी मागे होती.

जानेवारी २०१७ मध्ये ‘राजसंन्यास’च्या रागातून पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा उखडून मुठा नदीत टाकण्यात आला. त्यामुळे महाराजांच्या कीर्तीत तसूभरही भर पडली नाही. जी भर पडली ती बेंद्र्यांनी दिव्याखाली बसून वाचलेल्या कागदांमुळे. रागावलेल्या माणसाने आणि अभ्यास करणाऱ्या माणसाने इतिहासाला काय दिलं, याचा हिशेब इतका स्वच्छ आहे.

लढाईच्या चित्रपटावर जीव टाकणं महाराष्ट्राला नवीन नाही. १९२३ साली बाबूराव पेंटरांनी हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीवरून ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. त्याला इतकी गर्दी लोटली की सरकारला करमणूक कर बसवण्याची कल्पना तिथूनच सुचली, असं सांगतात. भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना खेडोपाडी यात्रेच्या तंबूत शिट्ट्या पडल्या आणि डोळेही पुसले गेले. ‘बॉर्डर’, ‘उरी’, ‘तान्हाजी’, ‘पावनखिंड’ हे त्यानंतरचे. ‘छावा’ आला तेव्हा तो करमुक्त करा अशी मागणी झाली. महाराष्ट्राने करमणूक कर २०१७ सालीच काढून टाकला आहे, असं मुख्यमंत्र्यांना सांगावं लागलं.

आता आपल्या भागाकडे येऊ. बारामतीच्या थिएटरात बसून जे रडले, त्यांतल्या किती जणांच्या ध्यानात आलं, की पडद्यावर दिसणारी ती भयंकर जागा आपल्या नदीच्या वरच्या अंगाला आहे? १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरला महाराज आणि कवी कलश पकडले गेले. तिथून त्यांना आणलं ते बहादुरगडावर, म्हणजे श्रीगोंदे तालुक्यातल्या पेडगावच्या भुईकोटात. विदूषकाचे कपडे घालून, उंटावर बसवून धिंड काढली ती इथल्याच छावणीत. हा किल्ला भीमेच्या काठावर आहे. त्याच्या तटाला लागून वाहणारं पाणी पुढे उजनीच्या फुगवट्यात मिसळतं, आणि त्याच पाण्यावर आपली शेती पिकते, आपल्या भोई बांधवांची जाळी पडतात. पेडगावच्याही वर, इंद्रायणी जिथे भीमेला मिळते तिथे तुळापूर. ११ मार्च १६८९ रोजी महाराजांना मारलं ते त्याच टापूत. जवळच वढू बुद्रुकला त्यांची समाधी आहे. इंदापुरातली मालोजीराजांची गढी ही महाराजांच्या पणजोबांची. बारामती तालुक्यातलं सुपे शहाजीराजांच्या जहागिरीतलं. एवढं सगळं आपल्या अंगणात असताना आपण हा इतिहास एखाद्या दूरदेशीच्या गोष्टीसारखा पाहिला, याची आम्हाला हळहळ वाटते.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं, की पळसदेवचं बुडालेलं मंदिर वर येतं आणि ते बघायला होड्या करून लोक जातात. पेडगावच्या किल्ल्यात यादवकालीन देवळं बारा महिने उभी आहेत. तिथे जायला होडी लागत नाही. भिगवणहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला माणूस घरी येतो.

चित्रपटाचा विषय महाराजांच्या मृत्यूपाशी संपतो, आणि बहुतेक प्रेक्षकांचं कुतूहलही तिथेच संपलं. आमची खरी तक्रार ही आहे. महाराज कसे मेले हे आता लहान पोरही सांगतं. ते नऊ वर्षं कसे जगले, हे किती जण सांगतील? एकाच वेळी मोगल, जंजिऱ्याचा सिद्दी आणि गोव्याचे पोर्तुगीज अशा तीन सत्तांशी त्यांनी झुंज दिली. नाशिकजवळचा रामशेज हा एवढासा किल्ला त्यांच्या काळात मोगलांशी पाच वर्षांहून अधिक काळ लढला. ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ त्यांच्या नावावर आहे. शत्रूने केलेल्या हालांवरूनच ज्याची ओळख होते, त्या राजाचं मोठेपण आपण अर्धंच घेतलं.

त्यांच्या मागून जे घडलं, ते तर साऱ्या मराठी मुलखाचं आहे. महाराज गेले, त्याच वर्षी रायगड पडला, येसूबाई आणि बाळ शाहू कैदेत गेले. राजाराम महाराज जीव मुठीत धरून जिंजीला पोचले. राज्य बुडालं असंच कुणीही म्हटलं असतं. पण रामचंद्रपंत अमात्य, शंकराजी नारायण, संताजी घोरपडे, धनाजी जाधव आणि नावं न उरलेल्या हजारो माणसांनी अठरा वर्षं लढा चालू ठेवला. संताजीने तुळापूरच्या छावणीत शिरून बादशहाच्या तंबूचे सोन्याचे कळस कापून नेल्याची हकिकत बखरी सांगतात. राजाराम महाराज १७०० साली सिंहगडावर वारले, तेव्हा ताराराणीने राज्याची धुरा उचलली. औरंगजेबाने १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं मंगळवेढ्याजवळ माचणूर-ब्रह्मपुरीला तळ दिला होता, तोही भीमेच्याच काठावर. १६९७च्या पावसाळ्यात भीमेला पूर आला आणि त्या तळात पाणी शिरलं. शेवटी १७०७ मध्ये अहमदनगरला म्हातारा बादशहा मेला, तेव्हा दख्खन जिंकल्याचं समाधान त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. या लढ्यात घोड्याला दाणावैरण देणारा, वाट दाखवणारा, जखमी स्वाराला गोठ्यात लपवणारा कुणबी आपल्याच गावांतला असणार. त्याच्यावर अजून चित्रपट निघालेला नाही.

‘छावा’च्या प्रेक्षकांनी त्या दिवसांत आणखीही बरंच काही केलं, त्याबद्दल बोललं पाहिजे. भरूचला एकाने छळाचा प्रसंग चालू असताना पडदाच फाडला. बऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरात लोक रात्री मोबाईलच्या उजेडात मोगलांच्या मोहरा शोधत शेतं खणू लागले. शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या चित्रणावर आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली. आक्षेप घेण्याची ही रीत सभ्य होती. पण १७ मार्चला नागपुरात औरंगजेबाच्या खुलताबादच्या कबरीवरून दंगल उसळली, गाड्या जळल्या, एका माणसाचा जीव गेला. या चित्रपटामुळे लोकांच्या भावना औरंगजेबाविरुद्ध पेटल्याचं मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं आणि संयम राखण्याचं आवाहनही केलं.

दोष एकट्या चित्रपटावर टाकून आम्ही मोकळे होणार नाही. दंगलीची कारणं अनेक असतात, आणि अफवा हे त्यातलं सर्वात जुनं. पण थिएटरातून बाहेर पडलेल्या रागाला कुठे तरी जागा हवी असते आणि तो जवळच्या माणसावर निघतो, हेही आपल्याला माहीत आहे. औरंगजेब मेला त्याला तीनशेहून अधिक वर्षं झाली. आपल्या भिगवणच्या आठवडी बाजारात शेजारी पाल मांडून बसणाऱ्या मुसलमान भावाकडे त्याच्या कृत्याचा जाब मागणं हा महाराजांचा अपमान आहे. इतिहासाच्या नावावर आपल्या गावातली एकही खिडकी फुटता कामा नये. या बाबतीत आमचं मत ठाम आहे आणि ते न बिचकता इथे नोंदवतो.

२०२५च्या मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्षात खऱ्या युद्धाची चाहूलही लागली. ७ ते १० मे हे चार दिवस टीव्हीसमोरून कुणी उठत नव्हतं. ज्यांच्या घरचं कुणी सीमेवर नव्हतं, ते मोठमोठ्याने बोलत होते. ज्यांचा मुलगा वा नवरा फौजेत आहे, ती घरं फोन हातात धरून बसली होती. इंदापूर-बारामतीच्या कितीतरी गावांत अशी घरं आहेत. युद्धपटातल्या प्रत्येक टाळीमागे कुणाच्या तरी घरचा जीव टांगणीला लागलेला असतो, हे त्या घरांना कुणी शिकवावं लागत नाही. गावात खरा युद्धपट समजून घ्यायचा असेल, तर त्या आयांशी चार शब्द बोलावेत.

याच वर्षी जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी, म्हणजे ‘छावा’नंतरच्या लढ्यातला सर्वात मोलाचा किल्ला. पेडगावचा भुईकोट त्या यादीत नाही. त्याची देखभाल कुणी बाहेरचा येऊन करेल याची वाट न बघता ती भीमेकाठच्या गावांनी आपली मानावी.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. या दिवाळीत मुलं अंगणात किल्ला करतील, तेव्हा दर वर्षीच्या डोंगरी गडाशेजारी नदीकाठचा एक भुईकोटही त्यांच्याकडून करून घ्या आणि तो कुठला, हे त्यांना सांगा. भाऊबीज झाली, की त्यांना घेऊन पेडगावला जा. तिथे घोषणा दिली नाही तरी चालेल, पण कचरा टाकू नका आणि दगडावर नाव कोरू नका. परतल्यावर गावच्या वाचनालयात बेंद्र्यांचं चरित्र आहे का ते पाहा. नसेल तर चार घरांनी वर्गणी काढून ते आणा. मुलांनी जे पाहिलं, ते त्यांच्याच अक्षरात लिहून आमच्याकडे पाठवा. पुढच्या दिवाळी अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.