चाळे कोणाचे?

गेल्या वैशाखात टिळकवाडीतल्या एका मंगल कार्यालयात घडलेला प्रसंग आधी सांगते, कारण या लेखाचे भांडण तिथूनच सुरू झाले. माझ्या भाच्याचा नऊ वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. मंगलाष्टका चालू होत्या, ध्वनिवर्धक कानठळ्या बसवत होता, डोक्यावर मोठाल्या पंख्यांची घरघर होती. त्या सगळ्या कल्लोळात हा मुलगा खांबाजवळ उभा राहून, दोन्ही हात खांद्याशी आणून पंजे फडफडवत होता, टाचा उचलून पुढेमागे झुलत होता आणि तोंडाने एकसुरी 'ऊं' काढत होता. कोणाला धक्का नाही, कोणाच्या वाटेत नाही. दहा मिनिटे त्याने अशी निभावली. मग मागच्या रांगेतून आवाज आला, "अगं, धर की त्याचे हात! लोक बघायलेत." त्याच्या आईने ओशाळून हात धरले. मुलगा गप्प झाला. दोन मिनिटांनी अक्षता उडाल्या, वाजंत्री कडाडली, आणि पोराने जमिनीवर अंग टाकून असा टाहो फोडला की नवरानवरीसुद्धा वळून बघू लागली. त्यावर त्याच बाई शेजारणीला म्हणाल्या, "बघा, म्हणूनच म्हटलं, हात धरा!"

नाही हो बाई. तुम्ही हात धरायला लावले म्हणूनच हे झाले.

इंग्रजीत या हालचालींना 'स्टिमिंग' म्हणतात. स्वतःच्या इंद्रियांना स्वतःच दिलेली चालना, असा त्याचा मूळ अर्थ. हात फडफडवणे, झुलणे, स्वतःभोवती गिरक्या घेणे, डोळ्यांसमोर बोटे नाचवणे, एखादी दोरी किंवा चिंधी हलवत राहणे, एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणणे, हे सगळे त्यात आले. आपल्याकडे यासाठी तयार शब्द आहे 'चाळे', आणि माझे पहिले भांडण या शब्दाशीच आहे. 'चाळा' एकवचनी असतो तोवर निरुपद्रवी असतो. बोटांना चाळा, मनाला चाळा. अनेकवचनी झाला की त्यात खोडसाळपणा शिरतो. माकडचाळे, नसते चाळे, चाळे बंद कर! जणू मूल हे मुद्दाम, आपल्याला चिडवायला करते आहे. शब्दातच आरोप भरलेला असला की चौकशी कोण करतो?

चौकशी केली तर उत्तर सापडते. लिओ कॅनर या अमेरिकेतल्या बालमनोविकारतज्ज्ञाने १९४३ साली अकरा मुलांविषयी निबंध लिहिला आणि या अवस्थेचे सविस्तर वर्णन केले. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ठोकळे, भांडी, जे गरगरेल ते फिरवत बसे. (हाच डोनाल्ड ट्रिपलेट पुढे बँकेत नोकरीला लागला, मोटार चालवायला शिकला, एकटा देशोदेशी हिंडला आणि २०२३ साली, वयाच्या ८९व्या वर्षी वारला. 'याचं पुढं कसं व्हायचं' म्हणून सुस्कारे टाकणाऱ्यांसाठी हे जाता जाता सांगते.) कॅनरने जे पाहिले ते बाहेरून. आतून काय घडते ते टेंपल ग्रँडिन यांच्यासारख्या स्वमग्न व्यक्तींनी स्वतः लिहिले तेव्हा जगाला कळू लागले. ग्रँडिनबाई पुढे पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. लहानपणी त्या वाळू बोटांतून गाळत बसत, झुलत, गिरक्या घेत. आवाजांचा मारा असह्य झाला की जग थोडे बाहेर ठेवण्याचा तो त्यांचा मार्ग होता. २०१९ साली स्टीव्हन कॅप आणि सहकाऱ्यांनी ३२ स्वमग्न प्रौढांना सरळ विचारले, की तुम्ही हे का करता? उत्तरांचा गाभा एकच निघाला: स्वतःला सावरण्यासाठी. मनात मावेनासे झालेले, मग ती भीती असो, गोंगाट असो की आनंद, या हालचालींतून आवाक्यात येते. आनंद हा शब्द मुद्दाम लिहिला आहे. आमचा मुलगा पाऊस सुरू झाला की हात फडफडवतो, तेव्हा त्याच्यात सावरण्यासारखे दुःख काही नसते.

आता आपल्याकडे बघू. 'बसल्या जागी पाय हलवू नये, लक्ष्मी जाते' असे पिढ्यान्पिढ्या सांगावे लागते, याचा अर्थ पिढ्यान्पिढ्या माणसे पाय हलवत आली आहेत. माझे वडील काळजीत असले की अडकित्ता घेऊन बसत. सुपारी खाणारे घरात कोणी नसले तरी कातरत राहत. आजी माळ ओढी, आजोबा झोपाळ्यावर बसून तासभर एका पायाने झोका देत. वेदपाठशाळेतली मुले स्वराबरोबर हात आणि मान हलवतात. तंबाखू मळणाऱ्याचा अंगठा बघा. आणि आपल्या भागाचे, गदगचे भीमसेन जोशी! गाताना त्यांचे हात, खांदे, मान, सगळा देह कसा हवेतून सूर खेचून आणल्यासारखा हले ते ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. भीमसेनजी स्वमग्न होते असे मी मुळीच म्हणत नाही. माझे म्हणणे इतकेच, की सूर सांभाळायला त्यांच्या देहाला जे लागत होते त्याला आपण दाद दिली. कोणी उठून 'पंडितजी, हात खाली' असे म्हटले नाही. ज्या चाळ्याला आपल्याकडे माळ, अडकित्ता, झोपाळा असे नाव आहे तो संस्कार, आणि ज्याला नाव नाही तो विकार. हा कुठला न्याय?

'हात खाली' हे शब्द मी सहज वापरलेले नाहीत. भाच्याचा मुलगा ज्या उपचार-केंद्रात दोन वर्षे जात होता तिथे दर तासाला हाच घोष चाले. हात मांडीवर ठेवले की बिस्किटाचा तुकडा, हलले की तुकडा बंद. या पद्धतीचा उगम शोधत गेले तर कॅलिफोर्नियातल्या इव्हार लोवास यांच्यापाशी पोचले. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात पाच वर्षांच्या जुळ्या भावांना जमिनीत वीज सोडलेल्या खोलीत ठेवले होते. हेतू हा, की झुलणे आणि किंचाळणे थांबावे आणि मुलांनी मोठ्यांकडे यावे. १९८७ चा त्यांचा निबंध तर जगभर गाजला. आठवड्याला चाळीस तास शिकवणी, १९ मुले, त्यांतली ९ 'सर्वसामान्य' झाल्याचा दावा. त्या शिकवणीत जोराने 'नाही' म्हणणे आणि मांडीवर चापट मारणे बसत होते. आज या शाखेतल्या अनेकांनी शिक्षा सोडून दिली आहे, हे मान्य करते. चापट गेली, पण शांत बसलेले हात म्हणजे शहाणे मूल, ही समजूत कुठे गेली? ती बिस्किटात लपली.

आणि दुसऱ्यांना बोल लावण्याआधी माझा हिशोब देते. मी ३१ वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. १९८८ च्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातल्या माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. तिसापर्यंतचे पाढे त्याला तोंडपाठ, आणि पाढा म्हणताना तो दोन्ही हात असे उडवी की शेजारचा पोरगा हसू लागे. वर्गाची शिस्त बिघडते म्हणून मी त्याला तळहात मांडीखाली घालून बसायला लावले. पुढे मला सांगावेही लागेना. वर्गच ओरडे, 'हातावर बस!' पंधरा दिवसांत त्याचे पाढे अडखळू लागले. मग तो सदऱ्याची कॉलर चघळू लागला, इतकी की तिच्या चिंध्या झाल्या. त्यासाठीही मी त्याला रागावले. चौथीत तो आला नाही. त्याला कोणा डॉक्टरने तपासले नव्हते, त्यामुळे त्याच्यावर कसले नाव चिकटवण्याचा मला अधिकार नाही. पण कुकरची शिट्टी बोटाने दाबून धरायची आणि झाकण उडाले की कुकरला नावे ठेवायची, हे मी सरकारी पगार घेऊन केले, एवढे मला पक्के कळते.

यावर म्हटले जाईल की काही मुले डोके भिंतीवर आपटतात, मनगट चावतात, तेही चालू द्यायचे काय? मुळीच नाही. शरीराला इजा होते ते थांबवलेच पाहिजे. पण तिथेही हात बांधणे हा उपाय नव्हे. ज्याला बोलता येत नाही त्याचा कान ठणकत असेल, दाढ दुखत असेल, चार दिवस पोट साफ नसेल, तर तो सांगणार कसा? आधी डॉक्टर गाठावा. मग आवाज, उजेड, भूक, झोप बघावी. भिंतीशी उशी, अंगावर जड गोधडी, चावायला रबर द्यावे. एका हालचालीने रक्त निघते म्हणून दुसरी, कोणालाही न दुखवणारी, हालचाल मोडून काढणे हा आळस आहे. उलट निरुपद्रवी वाट बंद केली की मूल दुखवणारी वाट शोधते, हे मी त्या कॉलरच्या चिंध्यांत पाहिले.

'पण लोकांत वावरायचं तर थोडं लपवायला शिकायला नको?' हा प्रश्न आई विचारते तेव्हा मला राग येत नाही. तिला रोज बसमध्ये, किराणा दुकानात, धाकटीच्या सोयरिकीच्या काळजीत जगायचे आहे. तिला उत्तर देते ते असे: २०१८ साली ब्रिटनमधल्या संशोधकांना स्वमग्न प्रौढांत असे आढळले की आपली स्वमग्नता सतत झाकून ठेवणे आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध आहे. लोकांच्या नजरेची किंमत एवढी द्यायची का, ते ठरव.

'स्वमग्न' हा शब्दही मला बोचतो. कन्नडातला 'स्वलीनते' त्याचाच भाऊ. मूल स्वतःत बुडालेले आहे, जगाशी त्याला देणेघेणे नाही, असे दोन्ही शब्द सुचवतात. मंगल कार्यालयातला तो मुलगा जगापासून दूर नव्हता. जग त्याच्या अंगावर कोसळत होते आणि तो हातांनी ते थोपवत होता.

आपल्या दुभाषी घरांसाठी याला आणखी एक शेपूट आहे. या मुलाचा आवडता शाब्दिक चाळा म्हणजे बस कंडक्टरच्या सुरात 'होल्डान, रैट रैट' म्हणणे. उच्चार इतके चोख की कन्नड शेजारी हरखतात. केंद्राने सांगितले, हे घोकणे बंद करा. आणि दोन भाषांनी मूल गोंधळते, तेव्हा घरात फक्त इंग्रजी बोला. घरच्यांनी ऐकले! मराठीशिवाय काही न येणारी माझी बहीण नातवासमोर आठ महिने जवळजवळ मुकी झाली. हॅम्बली आणि फोंबोन यांनी २०१२ साली माँट्रियलमधल्या स्वमग्न मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन भाषांत वाढणारी मुले एका भाषेतल्या मुलांपेक्षा भाषेत मागे पडलेली त्यांना दिसली नाहीत. पाटीवरच्या अक्षरांसाठी आपण सीमाभागात लाठ्या खाल्ल्या, आणि घरातली मराठी एका छापील सल्ल्यावर सोडून दिली. बहीण आता पुन्हा बोलते. नातू तिला 'रैट रैट' म्हणतो, ती 'चला, सुटली गाडी' म्हणते, आणि हे वीस वेळा चालते. मी याला संभाषण म्हणते.

१९९५ च्या अपंगांच्या कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात ते आले आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत त्याला जागा मिळाली. मुलाच्या गरजेप्रमाणे वर्गात सोय करणे आता शाळेची मेहेरबानी राहिलेली नाही. म्हणून जूनमध्ये आम्ही त्याच्या शाळेला अर्ज दिला. प्रार्थनेच्या वेळी त्याला ध्वनिवर्धकापासून लांब उभे राहू द्यावे, वर्गात दाराजवळची जागा द्यावी, वाटेल तेव्हा मागे जाऊन झुलू द्यावे, आणि 'हात खाली' असे कोणी म्हणू नये, एवढेच त्यात होते. मजकूर मी मराठीत लिहिला, शेजारच्या कुलकर्णी सरांनी कन्नडात उतरवला, सही त्याच्या आईने केली. मुख्याध्यापिकांनी तो दोनदा वाचला आणि विचारले, "बाकीची मुलं पण हात हलवायला लागली तर?" हलवू देत, असे मी म्हणाले. दिवाळीच्या सुट्टीनंतर कळवतो म्हणाल्या आहेत.