ओढ्याची जागा ओढ्याला द्या

नांदेडहून आसनेचा पूल ओलांडून अर्धापूरकडे निघाले म्हणजे केळीच्या बागा लागतात, आणि त्यांच्या जोडीला आता भूखंडविक्रीचे फलकही लागतात. तालुक्याचे ठाणे, बाजारपेठ आणि महामार्ग लाभलेल्या गावाने वाढावे यात गैर काही नाही. आमची चिंता निराळी आहे. आठ महिने कोरडा पडणारा ओढा म्हणजे फुकट गेलेली जमीन, हा जो समज मोठ्या शहरांना भोवला, तो आता तालुक्याच्या गावांतही रुजू पाहत आहे.

ओढा नाहीसा कसा होतो, हे पाहण्यासारखे आहे. त्यावर कोणी एका रात्रीत घाला घालीत नाही. गावनकाशावर तो वळणे घेत गेलेला असतो. सातबाऱ्यावर पुष्कळदा तो कोणाच्या तरी गटातला ‘पोटखराबा’ असतो. जमीन बिनशेती झाली, की आराखड्यात वळणाची सरळ रेघ होते, रेघेचे गटार होते आणि शेवटी गटारावर फरशी येते. प्रत्येक पायरीवर कोणा ना कोणाची सही असते, आणि पाणी घरात शिरले म्हणजे मात्र सर्वजण आभाळाकडे बोट दाखवितात.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे खरे. पण मिठी नदीचे पात्र आधीच आवळलेले होते, हेही तितकेच खरे. पुण्याचा आंबिल ओढा तर कित्येक पुणेकरांना नावानेही ठाऊक नव्हता. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याने आपली ओळख करून दिली, तीही माणसांचे बळी घेऊन.

यावर ठरलेला उपाय म्हणजे दोहों बाजूंनी भिंत. ठेकेदाराला तो सोयीचा वाटतो यात नवल नाही. परंतु अरुंद केलेल्या पात्रात पाणी उंच चढते, वेगाने धावते आणि खालच्या वस्तीवर जाऊन आदळते. नांदेडकरांना तर आणखी एक अनुभव आहे. विष्णुपुरीचे दरवाजे उघडून गोदावरी दुथडी वाहू लागली, की तिला मिळणाऱ्या नाल्यांची तोंडे तुंबतात आणि पाणी उलटे वस्तीकडे चढते. अशा वेळी भिंत काय करणार? त्या पाण्याला काही काळ थांबायला पसरट जागा हवी.

ही जागा वर्षभर रिकामी ठेवावी, असे आम्ही म्हणत नाही. तेथे मुलांनी खेळावे, वृद्धांनी फिरावे, आठवडी बाजारही भरावा. वर्षातले चार-सहा दिवस ती पाण्याची. सिंगापुरात बिशान येथील उद्यानाशेजारून जाणारा काँक्रीटचा कालवा फोडून २०१२ पर्यंत त्याची वळणे घेणारी नदी करण्यात आली. पाऊस वाढला की तेथे भोंगा वाजतो, लोक काठावरून वर येतात आणि उद्यान पाण्याखाली जाते. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्याच मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगरला, जिच्या काठी पाणचक्की उभी आहे ती खाम नदी कचऱ्याने भरून गेली होती. महापालिका, छावणी परिषद, स्वयंसेवी संस्था आणि उद्योग यांनी २०२१ पासून मिळून कचरा उपसला, दगडांनी उतार बांधले, झाडे लावली. लोखंडी पुलापाशी आता लोक फिरावयास येतात. नदी एका दमात निर्मळ झाली, असा दावा आम्ही करणार नाही. पण ज्या काठाकडे लोक पाठ फिरवीत, तिकडे ते तोंड करून बसू लागले, हे थोडे नव्हे.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. सुधारणेच्या नावाखाली पहिला हातोडा गरिबाच्याच घरावर पडतो. २०२१ च्या जूनमध्ये, ऐन पावसाळ्यात, आंबिल ओढ्याकाठची घरे पाडण्यास सुरुवात झाली, लोक रस्त्यावर आले आणि न्यायालयाला ती कारवाई थांबवावी लागली. पर्यायी घर आधी, हातोडा नंतर, हा क्रम सोडता येणार नाही. आणि झोपडी हलविताना ओढ्यात पाय रोवून उभ्या असलेल्या पक्क्या इमारतींकडे डोळेझाक करणे, हा तर निव्वळ अन्याय होय.

अर्धापूरसारख्या गावांचे भाग्य असे, की तेथे पाडण्यासारखे अद्याप थोडेच आहे. नियम नवे करावयास नकोत. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखण्याची शासनाची पद्धत आहे. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, पण बाग व क्रीडांगण चालते. ही आखणी नद्यांपुरती न ठेवता गावातल्या ओढ्यांचीही करावी. मोठ्या आराखड्यात दहा टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. ती आज कुठल्या तरी निरुपयोगी कोपऱ्यात सोडली जाते. ती ओढ्याच्या काठाने सलग सोडण्याची अट नगरपंचायतीने घालावी. भूमी अभिलेख खात्याकडून ओढ्यांची मोजणी करून घ्यावी, हद्दीचे दगड रोवावेत, आणि त्या मोजणीचा नकाशा येत्या मृगापूर्वी कचेरीच्या भिंतीवर लावावा, म्हणजे भूखंड घेणाऱ्या कारकुनाला किंवा शिक्षकाला पैसे मोजण्याआधी तो पाहता येईल.