पगार सांगावा की झाकावा?



बाजारातून पिशवी घेऊन येताना जिन्यात शेजारीण भेटली, की आपण पहिलं काय विचारतो? "मेथी काय भावानं दिली हो?" ती म्हणते, वीस रुपये जुडी. आपण पंचवीसला आणलेली असते. जीव हळहळतो खरा. पण दुसऱ्या दिवशी त्याच भाजीवालीपुढे आपण उभ्या राहतो त्या भाव ठाऊक असलेल्या बाईच्या रुबाबात! साडी, सोनं, ब्लाउजची शिलाई, क्लासची फी, धुण्याभांड्याचा दर, सगळ्याचा भाव आपण एकमेकींना विचारतो आणि मोकळेपणानं सांगतो. मग स्वतःच्या कष्टाचा भाव तेवढा पदराखाली का झाकून ठेवतो?

हे मनात यायला कारण झालं एक पत्र. लिहिणाऱ्या भगिनी नर्स आहेत. त्या लिहितात:

"मी जीएनएम झाले आहे. तालुक्याच्या गावी साठ खाटांच्या खाजगी इस्पितळात अकरा वर्षं काम करते. हातात १७,००० रुपये पडतात. गेल्या महिन्यात कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली एक मुलगी आमच्या वॉर्डात आली. लहान बाळाची शीर कशी शोधायची, हे तिला मीच शिकवलं. चहा पिताना ती सहज बोलून गेली, की तिला १९,५०० मिळतात. त्या दिवसापासून माझं कामात लक्ष नाही. तिच्याशी धड बोलवत नाही. घरी हे म्हणतात, मिळतंय ते घे, तोंड उघडलंस तर आहे तेही जाईल. ताई, मी गप्प बसू का?"

नाही, गप्प बसू नका. पण बोलायचं कुणाशी, कधी आणि कसं, हे नीट ठरवून बोला.

सगळ्यात आधी त्या मुलीवरचा राग काढून टाका. तिनं तुमच्या ताटातलं काही घेतलेलं नाही. उलट अकरा वर्षांत जे तुम्हांला कुणी सांगितलं नाही, ते तिनं चहाच्या कपाबरोबर फुकट सांगितलं! अडीच हजारांचा फरक म्हणजे वर्षाचे तीस हजार झाले. शिवाय पगार कमी, म्हणजे फंडही कमी. ग्रॅच्युइटीसुद्धा नोकरीच्या दर वर्षामागं पंधरा दिवसांच्या पगाराच्या हिशोबानं मिळते, तीही कमी. आजचा कमी आकडा असा निवृत्तीपर्यंत पाठ सोडत नाही.

मग नव्या मुलीला जास्त आणि अनुभवी बाईला कमी, हे असं उलटं होतं तरी कसं? नवी नर्स आणायची तर बाजारात जो दर चालू आहे तो मोजावा लागतो. नाहीतर ती शहरात जाते, नाहीतर परदेशी. जुन्या सिस्टरचा पगार मात्र अकरा वर्षांपूर्वीच्या आकड्यावर दरवर्षी चारपाचशे रुपये चढवत आलेला असतो. ती सोडून जाणार नाही, हे व्यवस्थापनाला पक्कं ठाऊक असतं. नवऱ्याची नोकरी गावात, मुलांची शाळा गावात, सासूबाईंची औषधं तिच्याच इस्पितळात. आणि गावात इस्पितळं मोजून दोन किंवा तीन. तिच्या संसाराची मुळं जितकी खोल, तितका तिचा दर खाली! आणि हे चालतं ते एकाच गोष्टीच्या जोरावर: शेजारच्या खाटेपाशी उभ्या असलेल्या बाईला काय मिळतं, हे तिला माहीत नसतं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची" म्हणतात. पण मूठ झाकून सव्वा लाख कुणाचे वाचतात, हेही बघायला हवं ना?

तुम्ही म्हणाल, इस्पितळवाल्यांना तरी एकमेकांचे दर कुठं ठाऊक असतात? अमेरिकेतली एक हकीकत सांगते. २००६ साली तिथल्या पाच शहरांत नर्सेसनी मोठमोठ्या इस्पितळांवर खटले भरले. त्यांचा आरोप असा, की ही इस्पितळं नर्सेसना काय देतो, पुढं काय देणार, याची माहिती आपसांत देतात-घेतात आणि त्यामुळं पगार दबून राहतात. डेट्रॉईट शहरातल्या खटल्यात २०१२ साली न्यायाधीशांनी 'सगळ्यांनी मिळून कट केला' हा भाग काढून टाकला. पण माहितीच्या देवाणघेवाणीनं पगार दबले का, हा मुद्दा मात्र पुढं चालू दिला. तिथल्या इस्पितळांनी एकामागून एक तडजोड केली. सगळी मिळून रक्कम झाली सुमारे नऊ कोटी डॉलर! यातून आपण घ्यायचं ते इतकंच, की पगाराची माहिती ही फार मोलाची चीज आहे. देणाऱ्याला ती जपून वापरता येते, मग घेणारीनंच अंधारात का राहावं?

आता आपल्याकडचं पाहा. सरकारी इस्पितळातल्या सिस्टरचा पगार कधी गुपित असतो का? सातव्या वेतन आयोगाप्रमाणं महाराष्ट्र शासनाच्या अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४०० रुपये; केंद्र सरकारच्या नर्सिंग ऑफिसरची ४४,९०० ते १,४२,४००. वर भत्ते वेगळे. हे आकडे भरतीच्या जाहिरातीत छापून येतात. प्रत्येकीला दुसरीचं मूळ वेतन ठाऊक असतं, आणि तरी त्या एकमेकींच्या डब्यातली भाजी खातात, रात्रपाळ्या बदलून घेतात, हळदीकुंकवाला जातात. पगार कळला म्हणून मैत्री तुटते, हे काही खरं नाही. दोघींच्या पगारात विनाकारण फरक असतो आणि तो चोरून कळतो, तेव्हा मन कडवट होतं.

खाजगी नर्सेसच्या पगाराचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? परिचारिकांच्या अखिल भारतीय संघटनेच्या याचिकेवर न्यायालयानं जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारला समिती नेमायला सांगितलं. त्या समितीनं खाटांच्या संख्येवरून हिशोब घालून दिला. दोनशेहून जास्त खाटा असतील, तर पगार राज्य सरकारच्या नर्सइतका. शंभर ते दोनशे खाटा असतील, तर त्याहून फार तर १० टक्के कमी. पन्नास ते शंभर असतील, तर फार तर २५ टक्के कमी. आणि पन्नासच्या आतलं छोटं इस्पितळ असलं, तरी निदान २०,००० रुपये. रजा, कामाचे तास, राहण्याची सोय याही गोष्टी सरकारीच्या बरोबरीनं असाव्यात, असं समितीनं सांगितलं.

आता आपल्या भगिनींचं गणित करू. इस्पितळ साठ खाटांचं, म्हणजे फरक फार तर २५ टक्के. सरकारी मूळ वेतनाची नुसती सुरुवात, ३५,४०० धरली, भत्ते सोडून दिले, अकरा वर्षांचा अनुभवही सोडून दिला, तरी त्याचे पाऊणपट होतात २६,५५०. आणि हातात पडतात १७,०००!

ही शिफारस आहे, कायदा नव्हे. ती अमलात आणणं राज्यांवर सोपवलेलं आहे. पण राज्य हलतं ते कुणी हलवलं तर. केरळात २०११-१२ पासून खाजगी इस्पितळांतल्या नर्सेस एकत्र येऊ लागल्या. २०१७ साली त्यांनी मोठं आंदोलन केलं, आणि एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या सरकारनं अधिसूचना काढून खाजगी नर्सचं किमान वेतन २०,००० रुपये ठरवलं. आपापला पगार पदराखाली झाकून बसल्या असत्या, तर 'आम्हांला कमी मिळतं' हे तरी त्यांनी कशाच्या आधारावर म्हटलं असतं?

आता व्यवहाराचं बोलू.

आधी स्वतःचा पगार समजून घ्या. नुसता हातात पडणारा आकडा म्हणजे पगार नव्हे. मूळ वेतन किती, भत्ते कोणते, रात्रपाळीचं वेगळं मिळतं का, फंड कापतात का, मेसचे आणि गणवेशाचे किती वळते होतात, हे पाहा. काही ठिकाणी मालकानं भरायचा फंडाचा हिस्सा पगारातच धरून आकडा फुगवून सांगतात. पगाराची पावती मागा. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात पगाराची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. त्या पावत्या साडीच्या घडीत नको, एका फाईलमध्ये तारीखवार ठेवा.

मग तुलना करा, पण सारख्याची सारख्याशी. एएनएम आणि बी.एस्सी., जनरल वॉर्ड आणि अतिदक्षता विभाग, आठ तासांची पाळी आणि बारा तासांची, यांचे आकडे एका तागडीत घालून उपयोग नाही. विचारताना आधी स्वतःचा आकडा सांगावा. "तुला किती मिळतात गं?" म्हटलं की समोरची दचकते. "मला हातात इतके पडतात, त्यात फंड इतका जातो, तुमच्याकडं कसं आहे?" म्हटलं की ती आपणहून बोलते. दुसऱ्या इस्पितळातल्या मैत्रिणी, बरोबर शिकलेल्या वर्गभगिनी आणि वर्तमानपत्रातल्या जाहिराती, एवढ्या तीन वाटांनी गावातला दर महिन्याभरात कळतो.

नेमणूकपत्र मात्र आधी वाचा. 'पगार गुप्त ठेवावा' असं वाक्य त्यात असेल, तर जपून. इस्पितळाच्या आवारात आणि फोनवरच्या गटात आकडे टाकत बसू नका. सरकारी वेतनश्रेणी, समितीची शिफारस आणि छापील जाहिराती तर सगळ्यांसाठी खुल्या आहेत; त्यांचा आधार घ्या.

आणि मागायला जाताना एकटीनं जाऊ नका. जुन्या तिघी-चौघी मिळून आधी मेट्रनबाईंना भेटा, मग व्यवस्थापनाला. त्या नव्या मुलीचं नाव चुकूनही घेऊ नका. विचारायचं ते असं: "नव्या भरतीला सुरुवातीचा पगार काय ठरलाय, आणि आमच्या अनुभवाची वर्षं त्यात कशी धरणार?" अर्ज लेखी द्या, प्रत स्वतःपाशी ठेवा, उत्तरासाठी तारीख मागा. रागाच्या भरात राजीनामा मुळीच टाकू नका. नाहीच ऐकलं, तर दुसरीकडं काय दर आहे हे तुम्हांला आता माहीत आहे. तेवढ्यानंही पाठीचा कणा ताठ होतो. आणि सरकारनं ठरवलेल्या किमान वेतनापेक्षाही पगार कमी असेल, तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयाची पायरी चढायला कचरू नका.

आता थोडं घरातलं, कारण पगार झाकण्याची सवय लागते ती घरातच. "पुरुषाला पगार आणि बाईला वय विचारू नये" असं आपण लहानपणापासून ऐकलं. पण सुनेला पगार विचारायला मात्र कुणी मागंपुढं पाहत नाही! तो विचारतात तो तिला तोलण्यासाठी. "अमक्यांची सून तीस हजार आणते हो" असं जेवणाच्या पानावर ऐकलेली मुलगी पुन्हा कुणाला आकडा सांगेल का? काही जणी गप्प राहतात त्या वेगळ्याच कारणानं. महिन्याला हजार रुपये आईच्या औषधाला द्यायचे असतात. आकडा कळला की त्याचा जाब द्यावा लागतो. अशा बाईला मी मुळीच दोष देणार नाही. पगार लग्नाच्या पंगतीत सांगायची गोष्ट नव्हे. ज्या बाया तेच काम करतात, त्यांना तो सांगायचा. माणसाची किंमत करायला पगार विचारणं वाईट. कामाचा भाव कळावा म्हणून विचारणं, यात लाज कसली?

तुमच्यापैकी पुष्कळजणी नर्स नसतील. पण कुणाची नणंद असेल, कुणाची भाची जीएनएमच्या शेवटच्या वर्षाला असेल. आज ना उद्या ती पहिल्या मुलाखतीला जाईल, आणि समोरचा विचारील, "तुमची पगाराची अपेक्षा काय?" तिला तेव्हा पुटपुटावं लागू नये. या आठवड्यात तिला जवळ बसवून वरचे आकडे एका कागदावर लिहून द्या. आणि घरात किंवा शेजारी कुणी जुनी सिस्टर असेल, तर तिला म्हणा, "तुम्ही तुमचा आकडा या पोरीला सांगा." एवढ्या एका वाक्यानं त्या मुलीचं आयुष्यभराचं नुकसान टळू शकतं.

पुढच्या आठवड्यात बोलू या, पावसाळ्यात कडधान्याला कीड लागू नये म्हणून काय करावं यावर. तोवर तुमचे अनुभव जरूर लिहा. नाव छापणार नाही. आकडा मात्र खरा लिहा हं!